चालेल म्हणणारं घर

“साखर. चहात दोन चमचे पडतात, ते दीड करायचे. चालेल?”

“चालेल.”

“कपड्यांचा साबण वेगळा, भांड्यांचा वेगळा, हे चोचले कशाला? एकाच लादीचे तुकडे करू. चालेल?”

“चालेल.”

“तुमचे बूट. मोची म्हणतो, तळ बदलला तर अजून वर्षभर ओढतील. चालेल?”

“चालेल.”

“आणि हा रेडिओ.” वहीतून मान वर न काढताच तिने पान उलटलं. “तो जुन्या वस्तूंचा दुकानदार परत येऊन गेला. या वेळी भाव वाढवून बोललाय. एवढे पुन्हा कोणी देणार नाही. दिला तर खोल्यांच्या पैशांत जे तोकडं पडतंय ते भरून निघतं. देऊन टाकू?”

एवढं बोलून तिने वर बघितलं. नवरा समोर बसून तिच्याकडेच बघत होता, मान जराशी पुढे काढून, पहिल्या बाकावरच्या शहाण्या पोरासारखा.

“चालेल,” तो म्हणाला.

तिला भरूनच आलं. रेडिओ त्याच्या वडिलांचा होता. लाकडी, हातभर लांब, पुढे जाळीचं कापड लावलेला. संध्याकाळी कामावरून आला की हातपाय धुऊन तो थेट भिंतीवरच्या फळीपाशी खुर्ची ओढायचा आणि रेडिओच्या माथ्यावर तळवा टेकवून तासभर बसायचा. बायकोपेक्षा त्या खोक्याला जास्त गोंजारता, असं ती त्याला चिडवायचीसुद्धा. आणि तोच माणूस तोंड वाकडं न करता एका शब्दात मोकळा झाला! नवरा असावा तर असा, असं मनाशी म्हणत तिने वहीत रेडिओपुढे बरोबरची खूण केली.

आता ही ‘चालेल’ची भानगड काय, ते सांगायला हवं. या घरात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळचा चहा झाला की बैठक बसायची. वही तिच्या हातात. ती एकेक खर्च वाचायची, तो कुठे कापता येईल ते सांगायची आणि ‘चालेल?’ असं विचारायची. नवरा आणि लेक यांनी उत्तर द्यायचं. पटत नसेल त्याने ‘नाही चालणार’ म्हणावं, कोणी अडवलं नव्हतं. पण तीन वर्षांत तसं कोणी म्हटलं नव्हतं. पहिल्या वर्षी लेकीने एकदा नव्या चपलांसाठी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाबांनी आपल्या फाटक्या बनियनला ‘चालेल’ म्हटलं, आणि पोरीने तोंड मिटून घेतलं.

हे सगळं कशासाठी, तर ज्या दोन खोल्यांत ते भाड्याने राहत होते त्याच विकत घेण्यासाठी. घरमालकीण म्हातारी होती, सरळ होती, पण व्यवहाराला पक्की. “वीस वर्षांत तुम्ही एक भाडं चुकवलं नाहीत, म्हणून आधी तुम्हाला विचारते,” ती म्हणाली होती. “तीन वर्षं देते. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला निम्मी रक्कम माझ्या हातात पडली पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक दारात उभं आहे, मग मला बोल लावायचा नाही.” ती तीन वर्षं आता संपत आली होती. दोनच महिने उरले होते.

नणंदेने तिचं नाव ठेवलं होतं कात्री. एक तर ती कपड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर बसून गिऱ्हाइकांच्या विजारी आखूड करायची, कमरेत आत घ्यायची, म्हणजे कात्री दिवसभर हातात. आणि घरी आली की खर्चाला कात्री. “दात कोरून पोट भरत नाही गं वहिनी,” नणंद म्हणायची. “भरत नसेल, पण दात तरी स्वच्छ राहतात,” असं कात्री तिला ऐकवायची आणि तिच्यासमोर मोजून साखर घातलेला चहा ठेवायची.

लेक या रविवारी बैठकीला नव्हती. कॉलेजचं शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर, म्हणून मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. एक माणूस कमी होतं म्हणून काही अडलं नाही. बैठक नेहमीपेक्षा लवकरच उरकली.

गुरुवारी दुपारी दुकानदार आला, रेडिओ घोंगडीत गुंडाळला, पैसे मोजून दिले आणि घेऊन गेला. फळीवर तेवढा एक चौकोन स्वच्छ राहिला. तो पुसावा की नाही हे तिला कळेना. शेवटी तिने तिथे लेकीची पुस्तकं रचली.

संध्याकाळी नवरा आला. हातपाय धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला, खुर्ची ओढली. आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

“रेडिओ कुठाय?”

“कुठाय म्हणजे? आज नेला की त्याने. बघा, पुरे पैसे दिले, एक कवडी कमी नाही.”

“कुणी नेला?”

“अहो, असं काय करता? रविवारी विचारलं नाही का मी? तुम्हीच तर चालेल म्हणालात!”

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी पटकन येऊन गेलं, आणि मग तो घाईघाईने हसला. “हां हां. म्हणालो ना. म्हणालोच. चालेल, चालेल.” त्याने खुर्ची परत जागेवर ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिला. हाताचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. आधी खिशात घातला, मग काढून गजावर ठेवला, मग पुन्हा खिशात.

तिला त्या संध्याकाळी जेवण गोड लागलं नाही. पैसे डब्यात होते, बेरीज जमली होती, तीन वर्षांत पहिल्यांदा वहीतला आकडा म्हाताऱ्या मालकिणीच्या आकड्याला जाऊन भिडला होता. नाचावं असा दिवस. आणि जिवाला मात्र चैन नाही. हा माणूस विसरला? चार दिवसांत? बापाचा रेडिओ?

सकाळी नवरा उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. पाठ घराकडे, तोंड जिन्याकडे. ती शेगडीपाशी उभी राहून त्याचा डबा भरत होती. रात्रभर मनात घोळत होतं ते तिने विचारून टाकलं.

“अहो, रागावलात का माझ्यावर?”

“चालेल,” तो म्हणाला.

डब्याचं झाकण तिच्या हातात तसंच राहिलं. तिला वाटलं, टोमणा मारतोय. पण टोमणा मारणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याला टोमणा कळायलाच दोन दिवस लागायचे. ती एक पाऊल पुढे सरकली. आवाज होता तेवढाच ठेवला.

“मी घर सोडून जातेय. आज. कायमची.”

“चालेल,” तो म्हणाला, दुसऱ्या बुटाची गाठ घट्ट केली आणि उठून मागे वळला. तिचा चेहरा दिसताच नेहमीसारखा हसला, डबा घेतला आणि गेला.

ती मटकन खाली बसली. मग उठली. पुन्हा बसली. मग आत जाऊन तिने लेकीच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढलं.

“ऊठ. बाबांना ऐकू येत नाही?”

लेक डोळे चोळत उठून बसली. आईच्या चेहऱ्याकडे बघून तिची झोप उडाली. पण काय गं, कसं गं, काही नाही. नुसती खाली बघत राहिली. तेवढ्यात आईला काय ते कळलं.

“म्हणजे तुला ठाऊक होतं!”

“बाबांनी शपथ घातली होती.”

“कधीपासून?”

“वर्ष झालं. जास्तच.” पोरगी पांघरुणाचा कोपरा पिळत होती. “मी बैठकीत बाबांच्या शेजारी का बसते, तुला काय वाटलं? तुझं वाचून झालं की मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावते. एकदा लावला की चालेल. काही वेडंवाकडं असलं तर दोनदा, म्हणजे ते म्हणणार, जरा विचार करू. पण दोनदा लावायची वेळच आली नाही गं. त्या रविवारी मी नव्हते. तू रेडिओ विकशील हे मला काय माहीत?”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू काय केलं असतंस?” लेकीचा आवाज एकदम चढला. “वहीत लिहिलं असतंस. बाबांचे कान. पुढच्या महिन्यात. चालेल?”

आईने हात उगारला. उगारला तसाच खाली आणला. कारण पोरीचं एक अक्षर खोटं नव्हतं.

दुकानाच्या माळ्यावर त्या दिवशी तिचं बूड टेकेना. एकाच विजारीची पट्टी तिने दोनदा शिवली आणि दोनदा उसवली. सुई बोटात गेली. तेवीस वर्षं ज्या माणसाशी संसार केला, ज्याच्या बनियनवरच्या भोकांचासुद्धा हिशोब आपल्याकडे आहे, त्याच्या कानात काय शिरतंय आणि काय नाही याचा आपल्याला पत्ता नसावा? लोक म्हणतात, नवरे बायकांचं बोलणं कानामागे टाकतात. आपला नवरा एवढा ऐकतो म्हणून आपण मिरवत होतो. नणंदेजवळ मिरवत होतो, घरमालकिणीजवळ मिरवत होतो. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. भीती कशाची ते तिला नीट सांगता आलं नसतं. साडेअकराला तिने कात्री खाली ठेवली आणि मालकाला सांगितलं, “अर्धा दिवस कापा माझा.” मालक बघतच राहिला. या बाईने स्वतःहून पगार कापून घेतलेला त्याने आजवर पाहिला नव्हता.

नवऱ्याच्या कारखान्यात रंगाच्या डब्यांची पत्र्याची झाकणं बनत. बावीस वर्षं तो एकाच प्रेसवर होता. ती आजवर तिथे दोनदाच आली होती. फाटकापासूनच धाड धाड असा आवाज पायांतून वर चढायला लागला. वॉचमन ओळखीचा निघाला.

“वहिनी, आत जाऊन हाका मारून काही उपयोग नाही,” तो तिच्या कानाशी ओरडला. “इथं हाक ऐकू आली तर मालक म्हणेल मशीन बंद पडलं! सगळा कारभार हातांवर. थांबा, बोलावतो.”

त्याने आत कोणाला तरी हात दाखवला आणि मूठ आवळून वर धरली. आतल्याने तशीच मूठ आणखी आतल्याला दाखवली.

“ही काय खूण?” तिने विचारलं.

वॉचमन ओशाळला. “इथं प्रत्येकाची एक खूण असते. मिशीवाल्याची मिशी, लंगड्याची मांडी. तुमच्या साहेबांची ही. आवळलेली मूठ. चहाच्या वर्गणीत नसतात ना ते कधी, म्हणून. थट्टेनं हो, वहिनी, मनावर घेऊ नका.”

तिने मनावर घेतलं. मूठ तिची होती आणि नाव त्याला पडलं होतं.

तो हात पुसत पुसत बाहेर आला. तिला बघून त्याचा चेहरा उतरला. “काय झालं? पोरगी बरी आहे ना?”

तिने मान हलवली आणि त्याला ओढत कारखान्यामागच्या गल्लीत नेलं. तिथे भिंतीमुळे आवाज कमी होता. ती त्याच्या समोर उभी राहिली आणि नुसते ओठ हलवून, घशातून एवढासाही आवाज न काढता, तिने विचारलं, तुम्हाला ऐकू येतं का?

“येतं की,” तो म्हणाला. “चांगलं येतं. का?”

“मी आवाजच काढला नव्हता,” ती म्हणाली. या वेळी मोठ्याने.

तो बुटांकडे बघू लागला. मग त्याच्या ध्यानात आलं असावं की बुटांकडे बघितलं तर तिचं बोलणं दिसणार नाही, म्हणून त्याने पुन्हा वर बघितलं.

“कधीपासून?”

“दोन वर्षं. उजवा आधी गेला. डावा आता कुरकुरतोय.” तो चोरी सापडल्यासारखा बोलत होता. “आवाज येतो गं. शब्द येत नाहीत. भिंतीपलीकडं कोणी बोलतंय असं वाटतं.”

“मग तोंड शिवलं होतं का? सांगितलं का नाहीत?”

“काय सांगणार? तू वहीत मान घालून वाचतेस. तुझं तोंड दिसत नाही. वाचून झालं की वर बघतेस. वर बघितलंस की चालेल म्हणायचं. तीन वर्षं दुसरं काही म्हणायचंच नसतं ना आपल्याकडं.”

हे तो चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं कसं जमवलं ते सांगत होता, एखादं अवघड मशीन कसं चालवतात ते सांगावं तसं.

“आणि आज सकाळी मी म्हटलं, घर सोडून जाते, त्यालाही चालेल म्हणालात!”

“कधी?” तो घाबरलाच. “अगं, का? मी काय केलं?”

“काही नाही केलंत. चेष्टा केली मी,” ती म्हणाली आणि भर गल्लीत रडायला लागली. तो इकडेतिकडे बघत तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, पण हात तेलाचा होता, म्हणून त्याने मनगट ठेवलं.

“रेडिओ परत आणते मी. आत्ता जाते.”

“काय करायचाय? तसाही त्यातनं मला थरथरच यायची. बाई बोलतेय का बाप्या, एवढं तळव्याला कळायचं. गाणं लागलं की कळायचं.” तो हसला. “बातम्या पेपरात वाचायचो, मालकाच्या टेबलावरच्या.”

“उद्या डॉक्टरकडे जायचं.”

“नाही.” इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा नाही म्हणाला, आणि म्हणाला तेही कशाला! “कानात घालायच्या यंत्राचा भाव काढून आलोय मी. रेडिओचे आले असतील ना, त्याच्या दुप्पट. एका कानाचं. खोल्या हातात येऊ दे. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी डावाही गेला तर?”

“नाही जात. तू तीन वर्षं काटकसर केलीस. नवीन कपडा अंगाला लावला नाहीस. आता दोन महिन्यांसाठी मी त्यात माती कालवू? माझ्यानं नाही व्हायचं.”

आत भोंगा वाजला. तिला ऐकू आला, त्याला नाही. तिने फाटकाकडे बोट दाखवलं. तो धावत गेला.

तिथून ती तशीच दुकानदाराकडे गेली. रेडिओ कालच विकला गेला होता, कुठल्याशा कॉफीच्या दुकानाला, शोभेसाठी. आतलं यंत्र त्यांनी काढून टाकलं होतं, वर फुलदाणी ठेवणार होते. दुकानदाराने हे आनंदाने सांगितलं, कारण त्याला चांगला भाव मिळाला होता.

पुढचे दोन दिवस ती घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होती. वही काढायची, उजवीकडून आकडे मांडायची, डावीकडून मांडायची. यंत्र घेतलं तर खोल्या जातात. खोल्या घेतल्या तर कान जातात. साखर दीडची एक केली तरी हे भोक बुजणारं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे नवरा जागचा हलायला तयार नव्हता. गेली तीन वर्षं तिनेच त्याला हे शिकवलं होतं, आणि तो तिच्याहून पक्का निघाला होता. बोलून काही होणार नव्हतं, कारण ती बोलायला लागली की तो शांतपणे दुसरीकडे बघायचा. बहिऱ्या माणसाशी भांडण जिंकता येत नाही, हे तिला त्या दोन दिवसांत कळलं.

शेवटी लेकीनेच तोड काढली. बाजारात चष्म्याच्या दुकानाशेजारी कानांच्या यंत्रांचं दुकान होतं. दर शनिवारी तपासणी मोफत, अशी दारावर पाटीच होती. लेकीने ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. ‘मोफत’ला खाली दोन रेघा.

त्याने कागद दोनदा वाचला. “फुकट? नक्की?”

दोघींनी माना हलवल्या.

“फुकट ते पौष्टिक,” तो म्हणाला. “जाऊन येऊ. नुसती तपासणी. घ्यायचं काही नाही.”

शनिवारी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला. परीक्षेला निघाल्यासारखा. दुकानाच्या पायरीवर थांबून त्याने एकदा बोटाने कान साफ केले, जणू मळामुळे काही राहून जायला नको.

आत एक तरुण तपासनीस मुलगी होती. तिने त्याला भिंतीलगतच्या एका छोट्या खोलीत बसवलं. खोलीला जाड दार आणि एक काचेची खिडकी. कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि त्याच्या तोंडासमोर येऊन सावकाश सांगितलं, “काका, शिट्टीसारखा आवाज येईल. कधी मोठा, कधी अगदी बारीक. आला की हात वर करायचा. नाही आला तर काही करायचं नाही. बरोबर?”

“बरोबर,” तो म्हणाला.

मुलगी बाहेर आली, दार लावून घेतलं आणि खिडकीपाशी आपल्या यंत्रासमोर बसली. कात्री तिच्या शेजारी स्टुलावर बसली. आतला माणूस काचेतून दोघींकडे बघत होता.

मुलीने बटण दाबलं. त्याचा हात वर गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा हात वर. मुलीने आवाजाची चकती खाली फिरवली, दाबलं. हात वर. आणखी खाली. हात वर.

कात्री स्टुलावरून अर्धी उठली. येतंय की ऐकू! एवढं बारीकसुद्धा येतंय! म्हणजे काही फारसं बिघडलेलं नाही, मळबीळ असेल, थेंब टाकले की जाईल, यंत्र नको, म्हणजे पैसे वाचले, म्हणजे खोल्या. सगळा हिशोब तिच्या डोक्यात एका क्षणात जुळून आला. आणि तो जुळून आलेला बघून तिची तिलाच शिसारी आली. आपण इथे काय ऐकायला आलोय आणि काय मोजतोय?

मुलगी मात्र कपाळाला आठी घालून बसली होती. तिने चकती आणखी फिरवली. एकदा दाबलं, मग बराच वेळ थांबली. मग तिने बटणावरचं बोट उचललं, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि नुसती आत बघत राहिली.

आत त्याचा हात वर गेला.

खाली आला. त्याने मनातल्या मनात मोजल्यासारखे ओठ हलवले. पुन्हा वर गेला.

“काकू,” मुलगी हळूच म्हणाली, “मी काहीच लावलेलं नाहीये. मघापासून.”

कात्रीने काचेतून बघितलं. तो ताठ बसला होता. कपाळावर घाम आला होता, डोळे या दोघींच्या तोंडांवर खिळले होते, कुठे चुकतंय का ते बघत. तिने आपल्याकडे बघितलं हे दिसताच तो हसला, सगळे पेपर सोडवून बसलेल्या माणसासारखा निर्धास्त. आणि त्याने हात वर केला.

“लिहा,” ती म्हणाली. “दोन्ही कानांचं.”

“काकू, किंमत तरी ऐकून घ्या आधी.”

“नंतर सांगा.”

तिने उठून ते जाड दार उघडलं. आत जाऊन दार लोटल्यावर बाहेरचा सगळा आवाज बंद झाला. त्याचा हात अजून वरच होता. तिने तो दोन्ही हातांत धरला, हळूच खाली आणला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि तसाच धरून उभी राहिली.